हात उचलायच्या आधी

४ फेब्रुवारी

दवाखान्यातल्या सल्ला केंद्रातल्या बाई म्हणाल्या म्हणून लिहितोय. नाहीतर आमच्या हातात पेन्सिल येते ती फळीवर खूण करायला, आणि खूण झाली की कानावर जाते.

आज महिन्याच्या गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात गेलो होतो. ही बरोबर होती. हिच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. बाईंनी विचारल्यावर ही म्हणाली, "मोरीत पाय घसरला." बाईंनी हिला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुमच्या मोरीला मूठ आहे का हो?"

मी गोळ्यांच्या पिशवीची गाठ बांधायला लागलो.

"हात उचलावासा वाटला की आधी वही उघडायची. काय वाटतंय ते लिहायचं. लिहीपर्यंत हात खाली येतो."

"आणि नाही आला तर?"

"मग गोळ्यांबरोबर पोलीसही लागतील तुम्हाला," असं म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली. बोलणं असं, जसं काही मी रोजच मारतो.

मी फर्निचरच्या कारखान्यात मिस्त्री आहे. घरात ही, मी आणि दुसरीत जाणारी छकुली. मला एचआयव्ही आहे. लिहिला एकदाचा शब्द. गेल्या वर्षी खोकला जाईना, वजन उतरलं, तेव्हा तपासणीत निघालं. माझी खात्री होती की हिच्यामुळंच. तसं मी दवाखान्यात चारचौघांत बोललोही. मग हिची तपासणी झाली. ही स्वच्छ. छकुलीही स्वच्छ. राहिलो मी. त्याआधी वर्षभर एका हॉटेलच्या कामावर बाहेरगावी होतो. तिथं काय झालं ते लिहायची गरज नाही. पुरुषमाणूस वर्षभर घराबाहेर राहिला की व्हायचं ते होतं.

हिचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा मला आनंद व्हायला पाहिजे होता. ही बाकावर बसून रडत होती, सुटल्यासारखी. मला वाटलं, माझ्यापासूनच सुटली. त्या दिवशी घरी आल्यावर मी हिला पहिल्यांदा मारलं. मारलं म्हणजे ढकललं. कपाट मधे आलं.

९ फेब्रुवारी

आज सुट्टी. उरल्यासुरल्या तुकड्यांचं छकुलीला स्टूल करून दिलं. त्यावर चढून नाचून बघितलं तिनं. "बाबा, हलतच नाही!" हलेल कसं? मी केलंय. ही हसली. बऱ्याच दिवसांनी हिचे दात दिसले.

अशा दिवशी लिहायला काही नसतं. पण बाईंना हे पानही दाखवायला पाहिजे. त्यांना वाटतं आमच्या घरात नुसती मारामारी.

१७ फेब्रुवारी

आधी लिहायला पाहिजे होतं. आता मागाहून लिहितोय.

कामावरून आलो तर फळीवर एक पेला वेगळा ठेवलेला. त्याला लाल दोरा बांधलेला. शेजारी एक वेगळा पंचा. डोक्यात एकदम जाळ झाला. आजार पेल्यातून होत नाही, पंच्यातून होत नाही, हे डॉक्टरांनी हिच्यासमोर सांगितलंय. तरी माझ्याच घरात मला वाळीत टाकायचं?

"हे कुणाचं?" मी विचारलं.

"अहो, ते..."

पेला मी फेकला, तो हिच्या कपाळावर बसला. बसावा म्हणून फेकला नव्हता. मग ही ओरडली. ओरडल्यावर शेजारी येतील, शेजारी आले की विचारतील, विचारलं की ही सांगेल, या भीतीनं मी हिचं तोंड दाबलं. केस हातात आले. दाराच्या चौकटीवर डोकं दोनदा आपटलं. चौकट माझ्या हातची आहे, कोपरे धारदार आहेत, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

छकुली माझ्या पायाला मिठी मारून किंचाळत होती, "बाबा, तो माझाय! माझा घसा सुजलाय! आईनं माझा वेगळा केलाय!"

शाळेत साथ चालू आहे म्हणे. 

कपाळाला टाके पडले. दवाखान्यात हिनं फळी पडली म्हणून सांगितलं. तेवढी समज आहे हिला. पण पेला छकुलीचा आहे, हे पहिल्याच शब्दात का नाही सांगितलं? "अहो, ते" एवढं बोलून थांबते कशाला? अर्धवट बोलायची सवयच आहे हिला, त्यातून सगळं होतं.

२ मार्च

आज कामावर रंधा मशीनवर बोट गेलं. टोकाला लागलं, पण रक्त भरपूर. पॉलिशवाला गळ्यातलं फडकं काढून धावत आला. मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, "लांब हो! हात लावू नकोस!" की मशीनं बंद झाली. सगळे बघायला लागले. मालक काचेच्या खोलीतून बाहेर आले. मी स्वतःच बोट बांधलं, टेबल पुसलं, रक्ताचा भुसा गोळा करून मागं नेऊन जाळला.

पॉलिशवाल्याच्या हातांना स्पिरिटनं कायम भेगा पडलेल्या असतात. एक थेंब गेला असता म्हणजे? बायकापोरांचा माणूस. मी आजारी असेन, पण दुसऱ्याचं वाटोळं करणारा नाही. बाईंना हे सांगायला पाहिजे.

घरी आलो. छकुली खेळायला गेली होती. मी हिला आत बोलावलं. हिनं पदराआडून ते निरोधचं पाकीट काढलं, केंद्रातून देतात ते. बाईंनी मागेच सांगितलंय की तुमच्या गोळ्या चुकतात, त्यामुळं रक्तातला विषाणू खाली येत नाही, तोवर हे वापरायचंच. गोळ्या चुकतात हे खरं आहे. गोळी गिळली की आजार कबूल केल्यासारखं वाटतं.

मी म्हटलं, "स्वतःच्या बायकोजवळ हे कशाला? मी काय परका आहे?"

"परके नाही. पण मला काही झालं तर छकुलीला कोण?"

"म्हणजे मी मेलो ते धरलंच आहेस तू."

"तसं नाही हो. आज नको. हात जोडते."

पाकीट मी खिडकीतून फेकलं. कडी लावली. हिनं हात जोडले होते ते मी सोडवले. त्यानंतर नवराबायकोत होतं ते झालं. ही आधी नको नको म्हणत होती, मग गप्प झाली. गप्प झाली म्हणजे तयारच होती, असं मी धरलं. 

मागाहून ही मोरीत बसून राहिली. पाणी किती वेळ वाहत होतं. शेवटी मीच ओरडलो, पाणी काय फुकट येतं का.

३ मार्च

ही सकाळीच ताईबरोबर दवाखान्यात गेली. पोटात दुखतंय म्हणाली. जाऊ दे. ताई बरोबर असल्यावर काळजी नाही. ताई माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, मला ताईनंच वाढवलं. दोन गल्ल्या सोडून राहते, घराच्या पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान आहे. भावजी गेल्यापासून एकटीच आहे. ताई माझ्या शब्दाबाहेर जायची नाही. तिला माझ्या आजाराचं काही ठाऊक नाही. कळलं तर हाय खाईल.

परत आल्यावर ही म्हणाली, "अशक्तपणा आहे. गोळ्या दिल्यात." चेहरा पांढराफटक. मी कामावरून येताना हिच्यासाठी फळं आणली. मी वाईट माणूस नाही.

१९ मार्च

अक्षर वाकडं येतंय, समजून घ्या.

चहासाठी साखर शोधत होतो. पिठाच्या डब्यात, पिठाखाली, कागदात गुंडाळलेली बाटली. झाकण उघडलं तर माझ्याच गोळ्या. तोच रंग, तोच आकार. आधी वाटलं, हिलाही झालं. खरं लिहितो, पोटात काहीतरी हलकं झालं. आता आम्ही दोघं सारखे.

पण ही म्हणाली, "झालेलं नाही. होऊ नये म्हणून आहेत. तशी वेळ आली की लगेच सुरू करून महिनाभर घ्यायच्या असतात. बाईंनी दिल्या."

"तशी वेळ म्हणजे कसली? काय सांगितलंस त्यांना?"

"झालं ते."

"काय झालं ते?"

ही पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांकडं बघून बोलली. "तुम्हाला ठाऊक आहे."

घरातली गोष्ट, बंद दारामागची, हिनं परक्या बाईच्या टेबलावर नेऊन ठेवली. उद्या केंद्रातला शिपाई सांगेल, परवा गल्ली. मी बाटली संडासात ओतली, वर पाणी सोडलं. ही मधे पडली, हात घालून गोळ्या काढायला लागली. घाण वाटत नव्हती हिला! मी ओढलं तर सुटेना. घासायला म्हणून खुर्चीचा एक पाय घरी आणला होता, तो हाताशी होता. पाठीवर मारला, खांद्यावर मारला. मग हिनं डोक्यावर हात धरला, त्या हातावर.

लाकूड तडकतं तेव्हाचा आवाज मला झोपेतसुद्धा कळतो. हा तो नव्हता.

छकुली अनवाणी पळत सुटली. मी हिला म्हटलं, "ऊठ, काही नाही झालं." हात कोपराच्या खाली भलतीकडंच वळला होता. ताई आली, मागं शेजारची दोन माणसं. ताईनं मला काही विचारलं नाही. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हिला उठवलं, छकुलीला कडेवर घेतलं आणि निघून गेली. एवढी मोठी मुलगी कडेवर.

२१ मार्च

ताईकडं आहेत. कुठं जाणार दुसरीकडं? चार दिवस राग राहील, मग येतील. मी भात लावला, तो लागला. भांडं घासत बसलो.

पेन्सिल घेऊन बसतो तेव्हा राग नसतो. राग येतो तेव्हा वही कुठं असते कोण जाणे.

११ एप्रिल

काल जामिनावर सुटलो. मधलं सगळं लिहायचं राहिलं.

बावीस मार्चला दुपारी ताईकडं गेलो. ती टेबलामागं इस्त्री करत होती. मी नीट बोलायचं ठरवून गेलो होतो.

"तिला पाठव."

"नाही येणार."

"माझी बायको आहे, ताई."

"हो का? मलाही एक भाऊ होता."

"ताई, मी आजारी माणूस. आज आहे, उद्या नाही."

"गप रे! गोळ्या वेळेवर घेतल्यास तर मला पोचवून मग जाशील तू. आजारी म्हणे! बायकोचं हाड मोडताना कुठून आली रे ताकद?"

"कसला आजार? हिनं सांगितलं ना तुला?"

"ती कसली सांगते! मार खाऊन खाऊन जीभ चावली पोरीनं, पण तुझं नाव झाकलं. गेल्या वर्षी गोळ्यांची पिशवी तूच इथं माझ्या दुकानात विसरलास. मी त्यावरचं वाचलं, पुन्हा बांधून तुझ्या दारात ठेवली. म्हटलं, आज ना उद्या आपणहून सांगेल. लहानपणी गुडघा फुटला तरी मला येऊन दाखवायचास."

"मग तुला माझी दया नाही येत?"

"आली ना. वर्षभर आली. तुझी दया करता करता तिच्याकडं बघायचं राहिलं, ती माझीच चूक. आजार तुझ्या रक्तात असेल, पण हात तुझा आहे. त्याला औषध दवाखान्यात मिळत नाही. जा घरी."

आणि तिनं आतलं दार ओढून घेतलं. मला, ज्याला तिनं हातानं भरवलं, त्याला.

मी लाथ घातली. जुनं दार, बिजागरी उखडून आत पडलं. ही कोपऱ्यात बसली होती, हात प्लास्टरमध्ये, मागं छकुली. मी हिचा तोच हात धरला. दुसरा हाताशी आला नाही. ही अशी ओरडली की माझेच कान बधिर झाले. तेवढ्यात मनगटावर आग पडली. ताईनं तापलेली इस्त्री टेकवली होती. कातडीचा वास आला. मी तिला ढकललं, ती कपड्यांच्या ढिगावर पडली.

खिशात लाकूड कोरायची पटाशी होती. कामावरून तसाच गेलो होतो. कुणाला मारायचा विचार नव्हता. मी ती माझ्याच तळहातावरून ओढली आणि रक्ताचा हात पुढं केला. "या जवळ! कोण येतो बघू! माझ्या रक्तात एचआयव्ही आहे! एकेकाला लावीन! हिलाही लावीन, म्हणजे बसेल जागेवर!"

दारात गल्ली जमली होती. पुढं आलेले एकदम मागं सरले. मग माझ्या लक्षात आलं की मी काय बोललो. वर्षभर ज्या शब्दासाठी हिचं तोंड दाबत आलो, तो माझ्याच तोंडून अख्ख्या गल्लीला ऐकवला. हिनं एवढं चिडवलं नसतं तर कशाला निघाला असता?

गर्दीतून पॉलिशवाला आत आला. त्याचे कपडे इस्त्रीला असतात ताईकडं. 

"लांब हो, रक्त आहे!"

"आहे तर आहे." त्यानं फडकं माझ्या मुठीवर गुंडाळलं, हात पाठीमागं पिरगाळला आणि मला जमिनीवर पालथं पाडलं. पटाशी पायानं लांब सारली. "त्या दिवशी तुम्ही ओरडलात तेव्हाच ओळखलं होतं मी. माझा थोरला भाऊ किती वर्षं हीच गोळी खातोय. वहिनीवर कधी आवाजसुद्धा चढवला नाही त्यानं, मिस्त्री."

पोलीस येईपर्यंत तो माझ्या पाठीवर गुडघा ठेवून बसला होता.

चौकीवर हिनं तक्रार नोंदवली. माझ्यासमोर. पेल्यापासून खुर्चीच्या पायापर्यंत, दोन मार्चसकट. एकही वाक्य अर्धवट सोडलं नाही. हवालदार मधेच म्हणाला, "बाई, घरातलं आहे, मिटवून टाका." ही म्हणाली, "पुढं लिहा."

आता हिच्याजवळ आणि ताईच्या घराजवळ जायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे.

मालकांनी कामावरून काढलं. मी म्हटलं, आजारामुळं ना? ते म्हणाले, "आजाराचं मला काही नाही. पण तुमच्या हातात पटाशी द्यायची आता भीती वाटते." आजारामुळंच. तोंडावर कोण म्हणणार?

१४ जून

कोर्टात तारीख होती. हिचं प्लास्टर निघालंय. हात पुरता सरळ होत नाही. पेन धरताना दिसलं. ही एकदाही माझ्याकडं वळली नाही. मी वकिलामार्फत निरोप दिला की मी माफ करायला तयार आहे. वकील जाऊन आला आणि म्हणाला, "निरोप मी दिला नाही, मिस्त्री. तुमच्याच भल्यासाठी."

व्हरांड्यात ताई पाणी प्यायला आली तेव्हा मी विचारलं, "हिची तपासणी?" केंद्रात बाईंना विचारलं होतं, त्या म्हणाल्या तो तिचा रिपोर्ट आहे, तिलाच विचारा. हिला कसं विचारू?

ताईनं पाणी पिऊन घेतलं. मग म्हणाली, "चांगला आला. तुझ्या कृपेनं नाही. तू गोळ्या ओतल्यास ना, त्याच दिवशी तिनं दुसऱ्या घेतल्या. हाड बाहेर येईल की काय असा हात, घामानं भिजलेली, आणि डॉक्टरला म्हणते, आधी गोळी द्या, मग हात बघा."

"मला चांगलंच वाटलं ऐकून," मी म्हटलं.

"वाटलं असेल," ताई म्हणाली. पेला पालथा घालून गेली.

२९ जून

माझे दिवस बरे चाललेत. गोळी चुकवत नाही. विषाणू पुष्कळ खाली आलाय, बाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, आठवड्यातून एकदा पुरुषांची बैठक असते, मारहाण सोडायची आहे त्यांची, तिथं येत जा. मी म्हटलं, बघू. मी काही त्यातला नाही.

आज दुपारी ताईच्या गल्लीत गेलो होतो. हुकूम ठाऊक आहे. मला फक्त छकुलीला बघायचं होतं. शाळा उघडलीय, दप्तर कोण भरतं, वेणी कोण घालतं, बापाला वाटणारच.

दुकान उघडं होतं, पण टेबलामागं कुणी नव्हतं. ताई कपडे पोचवायला गेली असावी. आतल्या बाजूला नवीन दार लावलंय, बाहेरूनही दिसतं. कुणा दुसऱ्या मिस्त्रीकडून करून घेतलंय. काम चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. बिजागऱ्या आतून आहेत, फटीत नखसुद्धा जात नाही. मला सांगितलं असतं तर मी करून दिलं असतं.

मी आत जाऊन दार वाजवलं, छकुलीला हाक मारली. हळूच. 

आत छकुली कविता पाठ करत होती, ती थांबली. "आई, बाबा आहेत का गं?"

"हो, बाबा आहेत. दार उघडायचं नाही. तू पुढची ओळ म्हण."

छकुलीनं पुढची ओळ म्हटली.

मी म्हटलं, "अगं, मी भांडायला नाही आलो."

"पोलिसांना फोन लावलाय मी," आतून आवाज आला. "ते येईपर्यंत थांबायचं असेल तर थांबा."

मी परत आलो.

आवाज हिचाच होता, पण आधी मला ओळखू आला नाही. आत दुसरीच कुणी बाई आहे असं वाटलं. दहा वर्षं रोज ऐकलेला आवाज, त्यातलं काहीतरी गेलंय. काय गेलंय ते रस्ताभर आठवत होतो, सापडलं नाही. सर्दीबिर्दी झाली असेल.